छोट्या पडद्यावरची हौस

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, घरच्या लॅपटॉपवर एकट्याने व्हिडिओ गेम पूर्ण करायचा असेल, तर तो जुन्या धाटणीचाच बरा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 मध्ये आला, पण त्यामागे अख्ख्या चमूची काही वर्षांची मेहनत होती. हौशी माणसाच्या हाती रात्री जेवणानंतरचा तास-दीड तास असतो. ठसठशीत ठिपक्यांची चित्रे आणि पिपाणीसारखे आवाज असलेला रेट्रो गेम तेवढ्या वेळात आवाक्यात येतो.

नव्वदच्या दशकात टीव्हीला खोका जोडून मारिओ आणि काँट्रा खेळलेल्यांना हे रूप ओळखीचे आहे. तेव्हा तो नाइलाज होता. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सुमारे 40 किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलने काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. जागा वाचावी म्हणून त्यात ढगाचे आणि झुडपाचे चित्र एकच ठेवले, फक्त रंग बदलला.

आजचे हौशी ही बंधने आपणहून पत्करतात. 'पिको-8' या प्रणालीत पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा, रंग 16 आणि एका वेळी वाजणारे आवाज चार. चित्रे 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनी तुकड्यांतून जुळवायची. समजा, खडकवासला धरणाचा देखावा हवा आहे. दगडी भिंतीचा एक तुकडा काढून तो ओळीने मांडायचा. पाण्याचे दोन तुकडे आलटूनपालटून दाखवले की लाटा हलतात. मागे सिंहगड नुसता तपकिरी उंचवटा दिसतो. त्यावर टीव्ही मनोऱ्याची उभी रेघ ओढली, की पुणेकराला तो लगेच ओळखू येतो. इतक्या कमी ठिपक्यांत काय गाळायचे, हे ठरवण्यातच खरी चित्रकला आहे.

शिकण्याची वाट बहुधा ठरलेली असते. आधी फळी आणि चेंडू, मग साप, मग उड्या मारणारे पात्र. उडीपाशी बरेच जण अडतात. बटण दाबले की पात्राला वरच्या दिशेने वेग द्यायचा आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे सेकंदात तीस वेळा, त्यातून थोडा वेग वजा करायचा. वेग शून्यावर आला की पात्र खाली येऊ लागते. गणित एवढेच, तरी उडी हाताला चुकीची वाटते, कारण खेळणारा बटण किंचित उशिरा दाबतो. म्हणून काठावरून पाय सुटल्यावरही निमिषभर उडी मान्य करतात. ही सवलत खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. काढून घेतली तर मात्र तो गेमलाच दोष देतो.

पहिल्याच फटक्यात शंभर पातळ्यांचा गेम आखणाऱ्यांचा गेम सहसा अर्धवटच राहतो. त्यावर उतारा म्हणजे 'गेम जॅम': ठरलेल्या विषयावर दोन-तीन दिवसांत गेम पूर्ण करण्याचा उपक्रम. 2002 पासून चालत आलेला 'लुडम डेअर' त्यांपैकी जुना. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी 'सेलेस्ट'चे पहिले रूप पिको-8 वर चार दिवसांत केले; त्याचाच विस्तार 2018 मध्ये जगभर गाजला.

सुरुवातीला खर्च करायची गरज नाही. पिको-8 ची शैक्षणिक आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते, 'गोडो' हे इंजिन मोफत आणि मुक्त आहे, आणि तयार गेम 'इच डॉट आयओ'वर विनाशुल्क ठेवता येतो.