उतारावरची सायकल आणि पुढचा ब्रेक

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील," हे सायकल शिकताना घरातल्या कुणा ना कुणाकडून बहुतेकांनी ऐकलेलं असतं. सपाट डांबरी रस्त्यावर, सावकाश चालणाऱ्या सायकलीला तो सल्ला चालून जातो. टेकडीच्या उतारावर मात्र तोच घात करतो. ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकाकडे सरकतो आणि मागचं चाक हलकं होतं. उतारावर तर भार मुळातच पुढे झुकलेला. हलक्या झालेल्या मागच्या चाकाचा ब्रेक कितीही आवळा, ते जमीन धरत नाही, नुसतं फरफटतं. सायकल थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकात असते, म्हणून माउंटन बाइक शिकायची सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे.

हा खेळ ज्यांनी सुरू केला त्यांनाही ब्रेकने छळलंच होतं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरातल्या मातीच्या रस्त्यांवरून खाली सोडत. १९७६ मध्ये त्यांनी तिथे शर्यती भरवल्या: साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे ४०० मीटरचा उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पॅडल उलटं दाबलं की लागे. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही त्याच कंपूतली मंडळी. पुढे आजच्या माउंटन बाइकचा साचा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

आता आपल्या सायकलीकडे. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते आधी चाक उचलून, फिरवून पाहा. ब्रिटिश पद्धतीत तो उजवीकडे असतो, अमेरिकन पद्धतीत डावीकडे. मग एखादं कोरडं, मातीचं, रिकामं मैदान गाठा आणि फक्कीची एक रेघ मारा. दर वेळी साधारण सारख्याच वेगाने रेघेपाशी यायचं आणि तिथे ब्रेक लावायचा. आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. सायकल कुठे थांबली ते दर वेळी पाहायचं. मागच्या एकट्या ब्रेकाने सायकल किती लांब जाते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की घरच्या सल्ल्याची पकड आपोआप ढिली होते.

पण पुढचा ब्रेक दाबून लोक पडतात हेही खोटं नाही. दोन गोष्टी एकत्र आल्या की ते घडतं. एक, ब्रेक खाटकन आवळला जातो. दोन, सायकल थांबते पण वरचा माणूस थांबत नाही, कारण त्याने स्वतःला रोखून धरलेलंच नसतं. म्हणून ब्रेक दाबताना जोर हळूहळू वाढवायचा, आणि त्याच वेळी टाचा खाली दाबून कंबर थोडी मागे न्यायची. डिस्क ब्रेक असेल तर लिव्हरवर एक तर्जनी पुरते. बाकीची बोटं हँडलवरच राहू द्या, खडबडीत वाटेवर त्यांची गरज लागते.

यातूनच उभं राहण्याची रीत येते. उतारावर सीटवर बसायचं नसतं. दोन्ही पॅडल आडवी, जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभं राहायचं. एक पॅडल खाली लटकलं तर दगडाला ठोकर बसते. गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं जरा बाहेर, पाठ पुढे झुकलेली, हनुवटी हँडलच्या आसपास. भार तळव्यांवर हवा, हातांवर नको. मुठीतली बोटं क्षणभर सैल सोडून पाहा. तोल गेला तर भार हातांवर आहे असं समजा. नवशिके भीतीने उलट टोक गाठतात, सीटच्याही मागे लोंबकळतात. मग पुढच्या चाकावर वजनच उरत नाही आणि हँडल वळवलं तरी सायकल वळत नाही. सीट चार बोटं खाली घेतली तर हे सगळं सोपं जातं. चढाला ती पुन्हा वर हवी: टाच पॅडलवर ठेवली असता पाय तळाशी सरळ व्हावा, इतकी.

चढाचं गणित वेगळं. गिअर चढाच्या आधीच हलका करायचा. जोर लावून पॅडल मारत असताना बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरते. चढ तीव्र झाला की सीटच्या टोकाशी सरकून छाती हँडलकडे न्यायची. फार मागे राहिलात तर पुढचं चाक उचललं जातं, फार पुढे गेलात तर मागचं जागच्या जागी फिरतं. या दोहोंमधली जागा कुणी सांगून सापडत नाही. एकाच छोट्या चढावर पुन्हापुन्हा जाऊन ती अंगाला कळते.

वळणावर वेग आधी कमी करायचा. वळत असताना ब्रेक लावला तर चाक निसटतं. बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली दाबून सायकल आत कलवायची, स्वतः मात्र तितकं कलायचं नाही. आणि नजर वळणाच्या पलीकडे. चुकवायच्या दगडाकडे टक लावून पाहिलं की चाक नेमकं त्याच्यावरच जातं.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली महागडी सायकल सुरुवातीला नको. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली चुका लपवत नाही, म्हणून शिकायला बरी. हेल्मेटला पर्याय नाही. मात्र टायरमधल्या हवेकडे फार कमी लोक लक्ष देतात. पंक्चरवाला बहुधा टायर टणक होईपर्यंत हवा भरून देतो, आणि असा टायर दगडावरून उसळतो. साधारण सव्वादोन इंची ट्यूबचा टायर आणि ६५-७० किलोचा माणूस असेल तर २५ ते ३० पीएसआयच्या आसपास सुरू करून पाहावं. हवा फारच कमी केली तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

मैदानावर हात बसला की मग टेकडी. पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. लांबूनच आवाज द्या, वेग कमी करा, वाट त्यांची समजा. उन्हाळ्यात टणक जमिनीवर सुट्या मुरमाचा थर साचतो, त्यावर चाक फरशीवर सांडलेल्या ज्वारीवरून गेल्यासारखं सरकतं. तिथे ब्रेक आधी, सरळ रेषेत आणि हलका. पावसाळ्यात खडकाला शेवाळ धरतं. त्यावरून जाणं टळत नसेल तर सायकल सरळ ठेवायची, ब्रेक नाही, वळण नाही. नवशिक्यासाठी दिवाळीनंतरचे महिने उत्तम, जमीन वाळलेली पण अजून भुसभुशीत न झालेली. पावसात मात्र ओल्या मातीत चाकांचे चर उमटतात, पुढच्या सरीचं पाणी त्यांतूनच धावतं आणि वाट खचत जाते. म्हणून टायरला चिकटलेला चिखल फोर्कला घासू लागला की त्या दिवसापुरतं परत फिरायचं.