तुरुंगाची भीती गेली, जबाबदारी राहिली
लघुउद्योजकांसाठी बदललेल्या कायद्यांची ओळख

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ 1956 पासून जबलपूर येथे आहे. त्यामुळे वकील, समन्स आणि तारीख हे शब्द या शहराला नवे नाहीत. तरीही गोहलपूर परिसरात सलवार-सूट शिवून घेणाऱ्या एखाद्या लघुउद्योजकाच्या हाती सरकारी नोटीस पडली, की त्याच्या पोटात गोळा येतो. नोंदवही अपुरी राहणे किंवा विवरणपत्राला उशीर होणे यांसारख्या चुकांसाठीही कायद्याच्या पुस्तकात कारावास लिहिलेला असे, हे त्याचे एक कारण होय.

ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन आणि टीमलीज रेगटेक यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा तरतुदींची मोजदाद केली होती. व्यवसायांना लागू असलेल्या 69,233 अनुपालनांपैकी 26,134 अनुपालनांना कारावासाची तरतूद जोडलेली आढळली. त्यांतील बहुतांश तरतुदी राज्यांच्या कायद्यांत होत्या. हे चित्र आता हळूहळू पालटत आहे. या बदलाने नेमके काय साधले आणि काय साधले नाही, हे ग्राहकांनी व कर्मचाऱ्यांनीही समजून घेणे हिताचे ठरेल.

दंड आणि शास्ती

बोलीभाषेत आपण दोहोंनाही ‘दंड’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. फौजदारी दंड न्यायालय करते आणि त्यासाठी प्रथम आरोपी दोषी ठरावा लागतो. शास्ती हा दिवाणी स्वरूपाचा आर्थिक भुर्दंड असून ती कायद्याने नेमलेला अधिकारी संबंधिताचे म्हणणे ऐकून लावतो. त्या निर्णयाविरुद्ध वरिष्ठांकडे अपील करता येते.

लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने हा फरक केवळ शब्दांचा नाही. फौजदारी खटला म्हणजे जामीन, वकिलाची फी आणि दुकान बंद ठेवून गाठायच्या तारखा. यातून सुटण्यासाठी अनेक जण गुन्हा कबूल करून थोडक्या रकमेत प्रकरण मिटवतात. रक्कम किरकोळ असते, पण दोषसिद्धीची नोंद कायम राहते. खटला प्रलंबित असताना पारपत्र मिळण्यातही अडचण येऊ शकते.

काय बदलले?

केंद्राच्या जनविश्वास (तरतुदींमध्ये सुधारणा) अधिनियम, 2023 ने 42 कायद्यांतील 183 तरतुदींत बदल केले. वस्त्रव्यवसायाशी संबंधित एक उदाहरण पाहू. व्यापारचिन्हाची नोंदणी झालेली नसताना लेबलवर ‘नोंदणीकृत’ असे छापणे पूर्वी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र होते. आता त्यासाठी उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा पाच लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढी शास्ती आहे.

मध्य प्रदेशानेही 2024 मध्ये राज्याच्या कायद्यांसाठी स्वतःचा जनविश्वास कायदा संमत केला. केंद्राचे पुढचे विधेयक 18 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडले गेले आणि प्रवर समितीकडे सोपविण्यात आले. अप्रमाणित वजन-मापाच्या पहिल्या चुकीस दंडाऐवजी सुधारणा-सूचना द्यावी, असा प्रस्ताव त्यात होता. ज्या दुकानदाराचा ‘नापतौल’ विभागाशी संबंध येतो, त्याला या प्रस्तावाचे महत्त्व सांगावयास नको.

सवलत नव्हे, अदलाबदल

शिक्षा सौम्य झाली म्हणजे ती स्वस्त झाली, असे मात्र कोणी समजू नये. कारखाने अधिनियम, 1948 प्रमाणे कारखान्याच्या भिंतींना चौदा महिन्यांतून एकदा तरी चुन्याची सफेदी करावी लागे. अशा नियमाच्या भंगासही दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आल्या आणि त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. जेथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, तेथे या संहितेत कारावास नाही. पण शास्ती किमान दोन लाख आणि कमाल तीन लाख रुपये आहे. पंचवीस कारागिरांच्या शिलाई कारखान्याला दोन लाख म्हणजे खेळत्या भांडवलाचा लचकाच. शिवाय 2023 च्या जनविश्वास अधिनियमाखालील दंड व शास्तीची किमान रक्कम दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढणार आहे. वेतन संहितेने मात्र एक दिलासा दिला आहे. खटला भरण्यापूर्वी निरीक्षकाने लेखी निर्देश देऊन पूर्ततेची संधी द्यावयाची आहे. पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा घडल्यास ही संधी मिळत नाही.

धनादेशाचे काय?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून 2020 मध्ये धनादेश न वटण्याचा गुन्हाही फौजदारी कक्षेतून काढण्याचा विचार पुढे ठेवला होता. त्याला विरोध झाला तो व्यापाऱ्यांकडूनच. उधारीवर माल देणाऱ्या लहान पुरवठादारास वसुलीसाठी याच कलमाचा आधार वाटतो. परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम 138 आजही कायम असून त्याखाली दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सरकारी कागदातील चूक आणि दुसऱ्याचे बुडविलेले पैसे यांत कायदा फरक करतो, तो योग्यच म्हटला पाहिजे.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे

1. नोटिशीतील कलम व उत्तराची मुदत प्रथम पाहावी. मुदतीत दिलेले लेखी उत्तर हाच पहिला बचाव होय.
2. परवाने, विवरणपत्रे व पोचपावत्या एका फाइलमध्ये वर्षवार लावाव्यात. कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळीही त्या उपयोगी पडतात.
3. शास्तीचा आदेश अमान्य असल्यास अपिलाची मुदत चुकवू नये.
4. आपला धनादेश न वटल्यास बँकेकडून सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत धनादेश देणाऱ्यास लेखी नोटीस द्यावी. ती मिळाल्यावर त्याला रक्कम भरण्यास 15 दिवस असतात. त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते.

प्रामाणिक चुकीसाठी कोणाच्या दारी शिपाई येऊ नये, ही या सुधारणांमागील भूमिका स्वागतार्ह आहे. मात्र कायद्याने टाकलेल्या या विश्वासाची परतफेड नीटनेटक्या दप्तरानेच करता येईल. तुरुंगाच्या भीतीने जी वही आपण लिहीत होतो, ती आता सवयीने लिहावयाची आहे.