विहिरीचं पाणी, मांडीचं हाड

विहिरीत बाईचं प्रेत सापडलं की गाव विचारतं, उडी मारली की कुणी ढकललं? शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे त्याच्याही आधीचा प्रश्न असतो. पाण्यात पडली तेव्हा ती बाई जिवंत होती का? न्यायवैद्यकाच्या नादी लागून मला बरीच वर्षं झाली. विषप्रयोग, जळीत, गोळीच्या जखमा, सगळ्याबद्दल वाचलं, पण बुडून मृत्यूइतकं अवघड प्रकरण मला दुसरं दिसलेलं नाही.

तळहात पांढरे पडून सुरकुतले म्हणजे बुडून मेली, असं पुष्कळांना वाटतं. प्रेत पाण्यात टाकलं तरी ते सुरकुततातच. नाकातोंडाशी आलेला बारीक, पांढरा, चिवट फेस जास्त भरवशाचा; पुसला तरी छाती दाबताच तो पुन्हा येतो. मुठीत आवळलेलं शेवाळ त्याहून मोलाचं. पण प्रेत कुजलं की या खुणा पुसल्या जातात. माझं सगळ्यात आवडतं प्रकरण इथून सुरू होतं, ते डायटमचं.

डायटम ही पाण्यातली एकपेशीय शैवालं. कवच सिलिकाचं, डबी आणि तिच्यावर बसणारं झाकण असावं तसं दोन भागांचं. बुडणारा माणूस पाणी फुफ्फुसात ओढतो, त्यातले बारीक डायटम रक्तात शिरतात, आणि हृदय चालू असेपर्यंत ते यकृतात, मूत्रपिंडात, हाडांच्या मज्जेत जाऊन पोचतात. म्हणून मांडीचं हाड घेतात. ते बाहेरून धुऊन कापायचं, मज्जा काढून नायट्रिक आम्लात तापवायची. चरबी, पेशी सगळं विरघळतं. सिलिका उरते.

एका वैद्यकीय महाविद्यालयात मला अशी स्लाइड पाहायला मिळाली. दोन्ही टोकांना निमुळतं कवच, आणि त्यावर इतक्या सारख्या रेघा की मी डोळा हटवायलाच तयार नव्हतो. विभागातल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "एवढ्यावर खूश होऊ नका. विहिरीच्या पाण्याची बाटली आलीय का, ते आधी विचारा."

त्यांचं म्हणणं मला पुरेपूर पटलं. मज्जेतले डायटम आणि विहिरीतले डायटम एकाच जातींचे निघाले, तरच त्या स्लाइडला वजन. आणि डायटम सापडले नाहीत म्हणून बुडालीच नाही, असंही म्हणता येत नाही. काही विहिरींत ते मुळात फार कमी असतात.

हे शिकलेले डॉक्टर किती? एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकात तीन वर्षांचं एम.डी. केलेले तज्ज्ञ मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत भेटतात. ग्रामीण रुग्णालयात बहुधा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारीच पोस्टमॉर्टेम करतात. मुंबईत १९९९ पर्यंत अशा मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर होता, आता तिथेही पंचनामा पोलिसांकडे. २०२१ पासून सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येतं, मात्र खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं एरवी त्यातून वगळलेली आहेत.

विष देऊन विहिरीत टाकल्याचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात. ते सगळ्यांना ठाऊक असतं, पाण्याची बाटली मात्र राहून जाते. माझं स्पष्ट मत आहे की अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनाम्याला गेलेल्या हवालदारानेच, प्रेत निघालं त्या जागचं पाणी त्याच दिवशी भरून सील करावं. आठवड्याने पाऊस पडला, उपसा झाला, की विहिरीत ते पाणी राहत नाही. आणि बाटली नळाखाली विसळलेली नको, नळाच्या पाण्यातही डायटम असू शकतात.