मागून येणारा आवाज

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून रिकामी परतणारी पिकअप गाडी ताशी ५०च्या सुमारास मागून घोंगावू लागली, की चालकाचा पहिला संशय जातो तो डिफरन्शियलवर. आणि त्या संशयाच्या भरात पुरती खातरजमा न करताच पेटी खोलली जाते, क्राउन-पिनियनची जोडी बदलली जाते, हजारो रुपये खर्ची पडतात, आणि आवाज मात्र पूर्ववत कायम राहतो. माझ्या मते हे कारागिरांच्या अज्ञानामुळे होत नाही, उतावळेपणामुळे होते. आवाज कसा आहे याहून तो केव्हा होतो, याची चौकशी प्रथम झाली पाहिजे.

एंजिनाची गती जॉइंट शाफ्टमार्फत मागे येते, तेथे पिनियन हे लहान दंतचक्र क्राउन या मोठ्या चक्रास फिरवते, आणि वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते म्हणून दोन्ही चाकांना भिन्न गतीने फिरू देण्याची योजना त्याच पेटीत असते. चाकाचा एक फेरा होईतो शाफ्टचे साधारणतः चार फेरे होतात, आणि ही गोष्ट निदानास फार उपयोगी पडते. गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने नेली असता चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदाच टकटक ऐकू आली, तर दोष चाकाचा, ब्रेक ड्रमचा किंवा टायरमध्ये रुतलेल्या खड्याचा. तेवढ्याच अवधीत चारदा चिवचिव झाली, तर शाफ्टच्या सांध्यातील क्रॉसमधल्या सुईसारख्या बारीक बेअरिंगांचे ग्रीस आटलेले असण्याचा संभव अधिक. अशा क्रॉसच्या टोपीलगत गंजाची तांबूस भुकटी जमलेली असते. गाडी सपाटीवर उभी करून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून, शाफ्ट हातांनी पिळून पाहिला असता त्या सांध्यात तिळमात्र ढिलाई लागता कामा नये. गिअर पडताच खाडकन् होणारा आवाजही पुष्कळदा येथलाच असतो.

घोंगावण्याची परीक्षा रस्त्यावर करावी. डांबरी रस्ता संपून काँक्रीट लागताच स्वर बदलला, तर तो टायरचा. सुकाणू किंचित डावीकडे वळवताच वाढला, तर भार पडलेल्या उजव्या चाकाचे बेअरिंग संशयास्पद. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा असा निघाला, तरच क्राउन-पिनियनकडे किंवा पिनियनच्या बेअरिंगांकडे वळावे. केवळ वळणावर उमटणारा खडखडाट पेटीच्या आतील लहान चक्रांचा असू शकतो. खड्ड्यात कुरकुरणारे पाटे, झिजलेले बुश आणि ढिले यू-बोल्ट पाहावयास तर एक पानाही पुरतो.

पेटीतील ऑइल मात्र अवश्य काढून पाहावे. तळाच्या डाटास चुंबक असल्यास त्यावर साचलेला मऊ करडा लेप स्वाभाविक झिजेचा असतो. बोटाला टोचणारे पोलादी कण मिळाले, तर भरलेली गाडी चंदनापुरी घाटात घालू नये, कारण पिनियन जाम झाल्यास मागची दोन्ही चाके धावत्या गाडीत अडकू शकतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांशी घासून जुळवलेले असतात, म्हणून त्यांतील एकच बदलणे व्यर्थ होय. आणि नवी जोडी बसवताना दातांना रंग लावून त्यांचा ठसा तपासणारा कारागीर मिळेपर्यंत गाडी दोन दिवस उभी राहिली तरी चालेल.