एकशेवीस नंबरचा जेट

जुना कार्बरेटर मॅनिफोल्डवरून उचलल्या उचलल्या मामा खालच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबतात. "आधी तोंड बंद, मग बाकीचं," ते हाताखालच्या पोराला सांगतात. उघड्या मॅनिफोल्डमध्ये एखादा वॉशर निसटला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो आणि मग अख्खं इंजिन खोलायची वेळ येते. पोरगा मान डोलावतो. त्याच्या हातात 12-13चा पाना आहे, आणि बॅटरीची तार त्यानं कुणी न सांगता आधीच सोडून ठेवली आहे. मला ते पाहून बरं वाटतं.

मामांचं गॅरेज पत्र्याचं, लोणी काळभोरला सोलापूर रस्त्याच्या कडेला. समोरून तेल कंपन्यांच्या डेपोतून भरून निघालेले टँकर एकामागून एक जड चालीनं सरकताहेत. आत उभी आहे फिकट निळी प्रीमियर पद्मिनी, 1984ची. तिचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. सगळेच त्यांना सर म्हणतात, मामाही. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. सर हात मागे बांधून बोनेटपाशी उभे आहेत आणि मामांच्या हातावरची नजर काही काढत नाहीत.

मामा जुना कार्बरेटर त्यांच्या हातात देतात. "थ्रॉटलचा दांडा हलवून बघा, सर." दांडा वरखाली खुळखुळतो. चाळीस वर्षं फिरून फिरून त्याची दोन्ही बाजूंची भोकं लंबगोल झाली आहेत. "इथनं हवा चोरून आत शिरते. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त. मग स्क्रू कितीही पिळा, गाडी एका जागी ठरायची नाही." शिवाय बुडाची कड वाकलेली आहे. कधीतरी कुणीतरी नट जोर लावून आवळले असणार. या मऊ धातूला तेवढा जोर सोसत नाही. मामा झाकण उघडून फ्लोटची वाटी उजेडाकडे धरतात. तळाला पांढरी पूड बसली आहे.

"ही इथेनॉलची करणी," ते म्हणतात.

2025पासून देशभर पंपांवर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की तो ओलावा वाटीतला धातू खात बसतो. जुन्या रबरी नळ्याही त्यानं फुगतात, भेगाळतात. म्हणून गाडीच्या पेट्रोल पंपातला पडदा मामांनी कालच बदललाय आणि तिथून कार्बरेटरपर्यंतची नळी नवी आणून ठेवलीय.

या गाडीच्या बाबतीत इथेनॉलचा विषय मला जरा जास्तच जवळचा वाटतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 साली वालचंद हिराचंद यांनी काढली, कारखाना कुर्ल्याला. वालचंद मूळचे सोलापूरचे. गॅरेजसमोरच्या याच रस्त्यानं पुढे जाऊन इंदापूर तालुक्यात आत वळलं की त्यांचं वालचंदनगर लागतं, उसाच्या आणि साखरेच्या जोरावर माळरानात उभं राहिलेलं. मोटारी बनवायचं आणि साखर करायचं, अशी दोन्ही स्वप्नं त्या एका माणसानं पाहिली. आज उसाच्या मळीतून निघणारं इथेनॉल त्याच कंपनीच्या गाडीच्या टाकीत येऊन पडलंय. पण गाडी घडली तेव्हा हे पेट्रोल कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फियाट 1100चा इटालियन आराखडा, 1089 सीसीचं इंजिन, आणि त्यावर सोलेक्सचा एका घशाचा कार्बरेटर. त्याची सगळी भोकं नुसत्या पेट्रोलच्या हिशोबानं पाडलेली.

नवा कार्बरेटर मुंबईहून आलाय. "टॅक्स्या होत्या तोवर पद्मिनीच्या सामानाला मरण नव्हतं," मामा खोकं उघडताना म्हणतात. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023च्या अखेरीस कायमची उतरली. तेव्हापासून एकेका भागासाठी चार-चार फोन करावे लागतात. नवा म्हणून मामा कार्बरेटर तसाच बसवत नाहीत. आधी पूर्ण खोलतात, सगळ्या वाटांतून हवा मारतात, नीडल व्हॉल्व्हखालचा वॉशर मोजतात. या वॉशरच्या जाडीवर वाटीतल्या पेट्रोलची पातळी ठरते. पातळी वर गेली तर गाडी पेट्रोल पिते, खाली गेली तर चढावर धाप टाकते.

मग फडकं निघतं, नवं पॅकिंग बसतं. पॅकिंगला गोंद-बिंद काही नाही. दोन्ही नट पोरगा आळीपाळीनं कसतो, थोडा इकडचा, थोडा तिकडचा. मामा त्याच्या मनगटावर बोट ठेवून थांबवतात: "बास. अंगठ्याचा जोर संपला की नट बसला." ॲक्सिलरेटरचा दांडा आणि चोकची तार जोडून होते. बाजूचा मिक्श्चर स्क्रू पोरगा अलगद शेवटपर्यंत आत घेतो आणि दीड फेरा मागे सोडतो. अलगद का, तर स्क्रूचं टोक सुईसारखं असतं. दाबलं की त्यावर खाच पडते आणि पुढं तो कधीच नीट लागत नाही.

सर आत बसतात, किल्ली फिरवतात. वाटी रिकामी आहे, त्यामुळं इंजिन बराच वेळ नुसतं कण्हतं. मग एक उचकी, दुसरी, आणि गाडी चालू होते. सरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते लपत नाही. मामा मात्र अजून हसत नाहीत. ते बुडाच्या कडेभोवती कार्बरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारतात. आवाज बदलला तर समजायचं, कुठूनतरी हवा घुसतेय. आवाज बदलत नाही.

पॉइंट आणि टाइमिंग त्यांनी सकाळीच लावून घेतलंय. ते आधी, कार्बरेटर शेवटी, हा त्यांचा न मोडणारा क्रम आहे, आणि मला तो अगदी पटतो. ठिणगीचा दोष पेट्रोलच्या माथी मारून किती चांगले कार्बरेटर लोकांनी बिघडवले असतील!

इंजिन पुरेसं तापल्यावर चोक आत जातो आणि ट्यूनिंग सुरू होतं. मामा स्क्रू हळूहळू आत घेतात. आवाज पातळ होतो, इंजिन अडखळतं. आता बाहेर. आवाज भरतो, चढतो, आणि आणखी बाहेर घेतल्यावर जडावतो, सायलेन्सरमधून गचके देऊ लागतो. या दोन टोकांच्या मधे कुठंतरी गाडीची जागा आहे. ती सापडली की आयडलचा स्क्रू सोडून वेग खाली आणायचा आणि परत मिक्श्चर शोधायचं, कारण वेग बदलला की जागाही किंचित सरकते. मामा गॅरेजमधला पंखा बंद करायला लावतात. आम्ही सगळे गप्प. चार सिलिंडर एका चालीनं बोलू लागतात, आणि फेंडरवर ठेवलेला पाना थरथरायचा थांबतो.

"उभी गाडी कुणीही लावतो," मामा हात पुसतात. "चला रामदऱ्याच्या रस्त्याला."

तिकडं गर्दी कमी आणि रस्ता चढत जातो. मामा चालवताहेत, स्टिअरिंगजवळचा गिअर टाकताना बघतही नाहीत. सपाटीला गाडी छान. चढाला पूर्ण रेस दिल्यावर मात्र ती कचरते, मधेच कार्बरेटरमधून फट् असा आवाज येतो. मामा त्याच दमात क्लच दाबतात, किल्ली बंद करतात आणि गाडी कडेला घेतात. ही युक्ती आहे: पूर्ण जोरात असताना इंजिन बंद केलं की प्लग त्या क्षणाची साक्ष देतो. प्लग निघतो. टोक पांढरट.

"तहानलीय," मामा म्हणतात.

हिशोब सरळ आहे. नुसतं पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणजे 20 टक्के मिश्रणाला साडेतेरा पटींच्या आसपास. हवा तीच ओढली जाणार, तर इंधन आठ-नऊ टक्के जास्त मिळायला हवं. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. आत 115 आहे. मामा खिशातून कागदाची पुडी काढतात, त्यात 120. व्यासात फरक केसाएवढाही नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतं. मामांनी हे भागाकार कधी कागदावर मांडलेले नाहीत. पुडीत मात्र नेमका तोच जेट आहे. अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळणं हे मी त्या पोराचं मोठं भाग्य समजतो.

वाटीच्या बुडाशी असलेला बोल्ट पोरगाच खोलतो, रस्त्याच्या कडेला, सांडणारं पेट्रोल डब्यात धरून. जेट बदलतो. पुन्हा तोच चढ. या वेळी गाडी कचरत नाही, रेस दिल्याबरोबर पाठीला धक्का बसतो आणि सर मागच्या सीटवरून "अरे वा!" म्हणतात. पुन्हा क्लच, किल्ली, प्लग. टोक फिकट तपकिरी.

परतल्यावर मामा स्वतः स्क्रूला हात लावत नाहीत. आयडल आता पोरानं लावायचं. तो वाकतो, कान बोनेटखाली नेतो, पाव फेरा बाहेर घेतो, थांबतो, थोडा आत घेतो. मामा डोळे मिटून ऐकताहेत. शेजारच्या पीयूसीवाल्याकडं गाडी नेल्यावर कार्बन मोनॉक्साइड या जुन्या गाड्यांच्या 3 टक्क्यांच्या मर्यादेच्या बरंच आत येतं. मामा कागदावर नजर टाकतात आणि पोराच्या खांद्यावर थाप मारतात.

"सर, दोन गोष्टी," ते किल्ली देताना म्हणतात. "गाडी आठवड्यातनं एकदा तरी चालवायची, पेट्रोल टाकीत शिळं होऊ द्यायचं नाही. आणि पाचशे किलोमीटर झाले की इकडं या. नवं पॅकिंग दबतं, नट परत बघायला लागतील. दुसऱ्या कुणाला आवळू देऊ नका."