रानाची सपाटी आणि मातीचे कायदे
— ऊस विकास अधिकारी



खोडवा मोडला की आपल्या कार्यक्षेत्रात सपाटीकरणाची कामे निघतात. पूर्वी बैलांच्या केणीने हप्ता-दोन हप्ते चालणारे काम आता जेसीबी दोन दिवसांत उरकतो. काम झटपट होते, तसे नुकसानही झटपट होते. एका एकरावरची नुसती एक इंच माती धरली, तरी ती सुमारे १०३ घनमीटर, म्हणजे अंदाजे १३० टन भरते. उकरून मोकळी झालेली ही माती वळवाच्या पावसात ओढ्याला लागली, तर कितीही खताने ती परत येत नाही.

माती हलवण्याबाबत ठिकठिकाणचे कायदे काय म्हणतात, हे ताडून पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडचा महसूल कायदा पहिल्यांदा विचारतो, "माती नेली कुठे?" भरावासाठी वापरली जाणारी साधी माती २००० सालापासून गौण खनिजात मोडते. विनापरवाना माती उचलल्यास जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटच्या सपाटीला वापरली, तर स्वामित्वधन लागत नाही. म्हणजे रस्त्याच्या ठेकेदाराला किंवा वीटभट्टीला माती देणाऱ्याने आधी तहसील कचेरीची पायरी चढावी हे बरे.

शेजारच्या गोव्याचा कायदा विचारतो, "उतार कापला का?" तिथल्या नगरनियोजन कायद्यातील कलम १७-अ प्रमाणे डोंगराळ जमीन कापायची वा सखल जमीन भरायची, तर मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

अमेरिकेतला नियम विचारतो, "उघड्या मातीवरचे पाणी गेले कुठे?" तिथे बांधकामासाठी पाच एकर वा जास्त जमीन उकरणाऱ्याला १९९० च्या नियमाने परवाना आला. २००३ पासून ही मर्यादा एक एकरावर आणली. गाळ अडवण्याचा आराखडा आधी करावा लागतो. काम चौदा दिवस बंद राहणार असेल, तर उघडी माती गवताने वा पालापाचोळ्याने झाकायला लगेच सुरुवात करावी लागते. शेतीची नेहमीची मशागत मात्र यात धरत नाहीत.

तीन ठिकाणी तीन प्रश्न, पण स्वतःच्या रानातली माती स्वतःच्याच रानात हलवणारा शेतकरी बहुधा तिन्हींतून सुटतो. कायद्यातून सुटला तरी पावसातून सुटत नाही. आणि शेजाऱ्यातूनही नाही! आपण भराव घालून वरच्या रानाच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवली आणि त्याचे नुकसान झाले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तो सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागू शकतो. तसेच १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याखाली घातलेले बांध नीट राखणे ही खातेदाराचीच जबाबदारी आहे. असा बांध जेसीबीने मोडून सऱ्या लांब केल्या, की पाण्याचा जोर वाढतो आणि खालच्या टोकाला ओघळ पडतो.

तेव्हा सपाटीकरण काढण्याआधी एवढे सांभाळा :

१) दोन-चार ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली बघा. हातभर माती आणि खाली मुरूम असेल, तर एकसलग सपाटी नको. उताराला आडवे टप्पे पाडा.

२) वरची काळी माती आधी बाजूला ओढून ठेवा आणि सपाटी झाल्यावर परत पसरा.

३) लेव्हल लावून ढाळ ठरवा. भारी जमिनीत सरीला शंभर फुटांस चार इंचांपेक्षा जास्त ढाळ नको.

४) जादा पाण्याला दगडी सांडवा ठेवा, बांधावर गवत लावा. पाण्याची वाट शेजाऱ्याला विचारूनच ठरवा.

५) काम पावसाळ्याआधी संपवा. जिथे खोदाई झाली तिथे शेणखत जास्त घाला. लागण लांबणार असेल तर ताग किंवा धैंचा पेरा. उघडे रान पावसात ठेवू नका.

सपाटी केलेल्या रानात पाणी सारखे बसते, उगवण चांगली होते, टनेज वाढते, हे खरेच आहे. पण माती जागेवर राहिली तरच. जेसीबीचे भाडे ठरवण्याआधी गटकार्यालयात नाव नोंदवा. शेतकी खात्याचा माणूस रानात येऊन उतार पाहून जाईल.