माडाला पांघरूण

माड म्हटला की कोकणचा समुद्रकिनारा आठवतो. खजूर म्हटला की अरबस्तानचे वाळवंट डोळ्यांसमोर येते. ताड, माड, खजूर, सुपारी ही सारी एकाच कुळातील झाडे. ती उन्हाची सोबती. मग जेथे हिवाळ्यात डबक्यातले पाणीही गोठते, त्या इंग्लंडात ही झाडे कशी जगत असतील?

सगळी जगत नाहीतच. नारळ तिकडे उघड्यावर एक हिवाळाही काढू शकत नाही. अशा नाजूक झाडांसाठी लंडनमधील क्यू उद्यानात लोखंड आणि काच यांचे प्रचंड घर आहे. ते १८४८ साली बांधून पूर्ण झाले. पण चीनमधील एक ताड मात्र उघड्या बागेत राहतो. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या वनस्पतिशोधकाला तो चुसान बेटावर दिसला. १८४९ साली त्याने त्याची रोपे इंग्लंडला पाठवली. म्हणून या झाडाला चुसान ताड म्हणतात. त्याच्या खोडावर काथ्यासारख्या तपकिरी तंतूंचे जाड आवरण असते. चीनमधील शेतकरी त्या तंतूंचे दोर वळत आणि पावसात पांघरायची इरलीही करीत. मोठे झालेले हे झाड शून्याखाली दहा अंशांपर्यंतची थंडी सोसते. कॅनरी बेटांवरचा खजूर एवढा चिवट नाही. २०१० सालचा डिसेंबर ब्रिटनमध्ये फार कडक गेला. १९१० पासूनच्या नोंदींत एवढा थंड डिसेंबर नव्हता. तेव्हा असे कितीतरी खजूर बागांमध्ये मरून गेले.

आंब्याची फांदी मेली तर खालून दुसरे धुमारे फुटतात. ताडाला फांद्या नसतात. त्याच्या शेंड्यात एकच कोंब असतो आणि सारी नवी पाने त्यातूनच येतात. तो कोंब मेला की झाड गेले. म्हणून बागवान पानांपेक्षा कोंबाची काळजी अधिक करतो. पाने करपली तरी पुन्हा येतील.

कोंबाचा शत्रू केवळ थंडी नव्हे. पावसाचे पाणी शेंड्यात साचते, रात्री गोठते, दिवसा वितळते आणि कोंब सडू लागतो. कोरडी थंडी झाड सोसते, ओली थंडी सोसत नाही. आणखी एक गंमत पाहा. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, पण वारा पानांतले पाणी शोषतच राहतो. चहूकडे बर्फ असूनही झाड तहानेलेच!

यासाठी हिवाळा येण्यापूर्वीच तयारी करतात. बुंध्याभोवती वाळलेली पाने किंवा झाडांच्या सालीचे तुकडे वीतभर जाड पसरतात, म्हणजे मुळांजवळची जमीन सहसा गोठत नाही. कडाक्याची थंडी पडणार असे कळले की पाने वर उचलून सुतळीने सैल बांधतात. शेंड्यात कोरडा पेंढा भरतात आणि वरून गोणपाट किंवा विरळ कापड गुंडाळतात. प्लॅस्टिक मात्र अंगाला लपेटू नये. त्याच्या आत वाफ धरते, पाणी ठिबकते आणि कोंब कुजतो. काही लोक जुन्या विजेच्या दिव्यांची माळ आत सोडतात, कारण ते दिवे तापतात. नवे एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, त्यांचा उपयोग नाही. कुंडीतले झाड सरळ पडवीत किंवा घरात न्यावे. कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात.

एकदा गुंडाळले आणि वसंतापर्यंत विसरले, असे मात्र चालत नाही. ऊबदार दिवस आला की पांघरूण सोडून हवा लागू द्यावी लागते. माझ्या मते खरी मेहनत हीच आहे.

मार्च-एप्रिलमध्ये थंडी सरली की पांघरूण काढतात. मग मधले न उमललेले पान हळूच ओढून पाहतात. ते घट्ट राहिले तर कोंब ठीक आहे. ते सहज हातात आले तर आत सड लागली आहे. तरीही बागवान लगेच कुऱ्हाड उचलत नाही. सडलेला भाग काढून तो शेंडा कोरडा ठेवतो आणि उन्हाळाभर वाट पाहतो. कधी कधी जुलैत त्याच शेंड्यातून अर्धे करपलेले, वाकडे असे एक हिरवे पान वर येते.